दुर्बीण : घरातली आणि प्रवासातली

दुर्बिणीविषयी लिहिणारे बहुधा तिच्यातून काय दिसते तेवढेच लिहितात. शनीचे कडे, गुरूचे चार चंद्र, चंद्रावरची विवरे, मृग नक्षत्रातला तेजोमेघ. हे सारे पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. पण हौशी माणसाची दुर्बीण वर्षातून किती तास आकाशाकडे तोंड करून उभी असते, याचा एकदा हिशेब करून पाहावा. पावसाळ्याचे चार महिने वगळले, उरलेल्या प्रत्येक महिन्यात चार रात्री आणि दर रात्री तीन तास धरले, तरी शंभर तास भरत नाहीत. वर्षाचे तास असतात 8,760. बाकीचा सगळा काळ ती पेटीत, कपाटात, पलंगाखाली नाहीतर मोटारीच्या डिकीत पडून असते, आणि दुर्बिणी बिघडतात त्या याच काळात. आकाशाखाली उभी असताना बिघडलेली दुर्बीण क्वचितच ऐकू येते.

दुर्बिणीच्या नशिबी पेटीतला वास किती दीर्घ असू शकतो याचा दाखला आपल्या शहरातच आहे. नवाब जफर जंग या हौशी सरदाराने 1901 च्या सुमारास ग्रब यांच्या कारखान्यात बनवलेली 15 इंच व्यासाच्या भिंगाची दुर्बीण विकत घेतली आणि फिसलबंडा भागात वेधशाळेचा पाया घातला. हीच निजामिया वेधशाळा. 1907 मध्ये नवाबसाहेब वारले. पुढच्या वर्षी निजाम सरकारने वेधशाळा आपल्या ताब्यात घेतली, नंतर ती बेगमपेठेत आली आणि 1919 मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे सोपवली गेली. या सगळ्या घडामोडींत ती 15 इंची दुर्बीण बेगमपेठेत उभी राहून कामाला लागायला 1922 साल उजाडले. म्हणजे विकत घेतल्यापासून कामाला लागेपर्यंत वीस वर्षे गेली!

पुण्याची गोष्ट याहून लांबलेली आहे. तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी नायगमवाला तिचे सर्वेसर्वा होते. तिथली 20 इंची आरशाची दुर्बीण त्या काळी देशात मोठी गणली जाई. 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण सुटी करून कोडाईकनालला पाठवण्यात आली. तिथे ती पुन्हा उभी राहिली 1951 मध्ये. जवळजवळ चाळीस वर्षांनी तिने पुन्हा काम केले, याचा अर्थ ज्यांनी ती सोडवली आणि बांधली त्यांनी आपले काम नीट केले होते.

वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी माणसे नेमलेली असतात. शाळा-कॉलेजच्या आणि घरच्या दुर्बिणीला कोण असते? 1985-86 मध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा गावोगाव लोकांना आकाशाचे वेड लागले आणि वर्गणी काढून दुर्बिणी घेतल्या गेल्या. अशी एक दुर्बीण काही वर्षांनी एका शाळेच्या प्रयोगशाळेत पाहण्याचा योग आला. नळी चकचकीत होती, तिच्यावर देणगीदारांची नावेही होती. आतल्या आरशावर मात्र कोळिष्टकासारखी पांढरी जाळी पसरली होती, आणि ती पुसून जाणारी नव्हती. मुलांना तिच्यातून चंद्र दाखवता आला नाही. शाळेला दुसरी दुर्बीण घेणे शक्य नव्हते, त्यामुळे तिथल्या मुलांच्या पुढच्या कित्येक तुकड्यांचे आकाश त्या कपाटातच संपले.

ती पांढरी जाळी कशाची होती ते आधी पाहू, कारण आपल्याकडे दुर्बिणीचा पहिला शत्रू तोच आहे. ती बुरशी होती. लोणच्यावर, पावावर, पावसाळ्यात चपलांवर येते त्याच कुळातली. काचेवर खायला काय असणार, असे वाटते. पण बोटांचा ठसा, धुळीतले तंतू, पेटीतल्या कापडाचे वा चामड्याचे सूक्ष्म कण, एवढा शिधा तिला पुरतो. तिला हवी असते ओल, अंधार आणि कोंडलेली हवा. झाकण घट्ट लावून पावसाळाभर ठेवलेली दुर्बीण तिला या तिन्ही गोष्टी आयत्या देते. बुरशीचे धागे पसरतात आणि त्यांतून आम्ल स्रवते. या आम्लाने भिंगावरचा पातळ लेप खरवडला जातो आणि शेवटी काचच कोरली जाते. सुरुवातीला धरली तर बुरशी काढता येते, पण तिने कोरलेली काच पूर्ववत होत नाही.

आरशाच्या बाबतीत प्रकरण आणखी नाजूक आहे. दुर्बिणीचा आरसा घरच्या आरशासारखा पाठीमागून मढवलेला नसतो. त्याचा मुलामा समोरच्या अंगावर, उघड्या हवेत असतो. पूर्वी तो चांदीचा असे आणि काही महिन्यांत काळवंडे. 1930 च्या दशकापासून निर्वात पात्रात ॲल्युमिनियमची वाफ काचेवर बसवण्याची रीत आली. या थराची जाडी असते मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी. रुमालाच्या दोन फटकाऱ्यांत त्यावर कायमचे ओरखडे उठतात. मुलामा पुन्हा चढवून मिळतो, नाही असे नाही, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी असते आणि तेवढ्यासाठी आरसा परगावी पाठवावा लागतो. म्हणजे पुन्हा प्रवासाची जोखीम आलीच.

आता कोणी म्हणेल, हैदराबाद काही कोकण नव्हे. इथली हवा कोरडी. हे वर्षाच्या आठ महिन्यांपुरते खरे आहे. जुलै-ऑगस्टच्या सकाळी इथल्या हवेतली सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, आणि 65-70 टक्क्यांच्या पुढे बुरशीला मोकळे रान मिळते. कोकणातला माणूस तरी सावध असतो. आपण मात्र कोरड्या गावात राहतो या भरवशावर झोपून जातो. आर्द्रता मोजण्याचे छोटे घड्याळवजा यंत्र बाजारात मिळते, ते पेटीत ठेवावे. ते नसले तरी स्वयंपाकघरात एक उत्तम आर्द्रतामापक असतोच, तो म्हणजे मिठाची बरणी. शुद्ध मिठाला सुमारे 75 टक्के आर्द्रतेला पाणी सुटू लागते आणि साध्या मिठाला त्याच्याही आधी. ज्या दिवशी आई म्हणते, "मिठाला पाणी सुटलं गं बाई," त्या दिवशी दुर्बिणीची पेटी उघडून पाहावी!

उपाय साधा आहे. पेटीत सिलिका जेलचे दाणे ठेवावेत. ते हवेतली ओल शोषून घेतात. हे दाणे दोन रंगांत मिळतात. निळे असतात ते ओलीने गुलाबी होतात, आणि नारिंगी असतात ते बहुधा हिरवट होतात. निळ्या रंगासाठी वापरले जाणारे कोबाल्टचे क्षार आरोग्याला बरे नाहीत, म्हणून आता नारिंगी दाणे घ्यावेत. रंग पालटला की दाणे निकामी झाले असे समजून फेकून देणारे लोक पाहिले आहेत. तसे करू नये. भट्टीत सुमारे 110 ते 120 अंश सेल्सिअसला दोन-तीन तास ठेवले की ते पुन्हा ताजे होतात. भट्टी नसेल तर जुन्या कढईत अगदी मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, हलवत राहावे. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला मात्र घेऊ नये. दाणे थेट भिंगाशेजारी मोकळे टाकू नयेत, कारण त्यांची भुकटी काचेवर बसते. पातळ सुती पिशवीत शिवून पेटीच्या कोपऱ्यात ठेवावेत. पेटी जर फटीफटींची असेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे, कारण मूठभर दाणे साऱ्या खोलीची हवा कोरडी करू शकत नाहीत. झाकणाला रबराची पट्टी असलेला प्लास्टिकचा डबा नेत्रिकांसाठी सर्वांत चांगला. नेत्रिका म्हणजे डोळ्याकडची भिंगे, ज्यांना आपण सर्रास आयपीस म्हणतो. दुर्बिणीच्या नळीची दोन्ही तोंडे मात्र घट्ट झाकणांनी बंद करून आत एक पिशवी लटकवली तरी पुरते.

पूर्वी कॉलेजांच्या प्रयोगशाळांत सूक्ष्मदर्शकांच्या कपाटात पावसाळाभर 15 वॅटचा दिवा जळत ठेवीत. त्यामागचे तत्त्व उत्तम होते. हवा थोडी गरम राहिली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. आता कोणी तसे करायला जाईल तर जुना तारेचा दिवाच शोधून लावावा. एल.ई.डी.च्या दिव्याने कपाटात उजेड पडेल, ऊब फारशी येणार नाही. आणि दिव्याच्या आसपास कागद, कापड वा फोम असता कामा नये, हे वेगळे सांगायला नको.

घराघरातल्या दोन सवयी इथे आड येतात. एक म्हणजे डांबराच्या गोळ्या. शालू-पैठण्यांच्या ट्रंकेत त्या शोभतात. त्यांची वाफ थंड काचेवर जाऊन बसते आणि धुरकट पापुद्रा धरते, म्हणून दुर्बिणीच्या पेटीत गोळी नको आणि कापूरही नको. दुसरी सवय म्हणजे ऊन दाखवणे. पावसाळा सरला की गाद्या, गोधड्या, धान्य आपण उन्हात टाकतो. दुर्बिणीला वारा दाखवावा, ऊन दाखवू नये. सावलीत, पंख्याखाली, झाकणे काढून, नळी आडवी ठेवून दोन-तीन तास हवा लागू द्यावी. उन्हात उघडे ठेवलेले भिंग म्हणजे आगीला आमंत्रण आहे. खिडकीतून येणारा सूर्यकिरण मोठ्या भिंगावर वा आरशावर पडला, तर तो कुठेतरी एका बिंदूत गोळा होतो. तिथे पडदा असेल तर पडदा पेटतो. शोधक म्हणून बसवलेली छोटी दुर्बीणही याला अपवाद नाही. खंडेनवमीला अवजारांबरोबर दुर्बिणीचीही पूजा करण्याची पद्धत काही घरांत आहे. अवश्य करावी, फक्त हळदकुंकू पेटीला वाहावे.

घरात जागा कोणती निवडावी? माळा नको. स्लॅबच्या खालचा माळा मे महिन्यात भट्टी असतो आणि जुलैत कधी गळेल याचा नेम नसतो. स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत नको. फोडणीचा धूर तेलाचे कण घेऊन हिंडतो आणि काचेवर बसला की धूळ धरून ठेवतो. न्हाणीघराची भिंत नको, ते उघडच आहे. घराच्या मधल्या खोलीत, आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वीतभर उंच पाटावर जागा करावी. जमिनीला टेकून ठेवली तर वाळवी, झुरळे आणि फरशीची ओल, तिन्ही मिळतात. उघड्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर बांधते ते मी पाहिले आहे, आणि ते आरशावरून खरवडणे म्हणजे काय हे तिच्या मालकाच्या चेहऱ्यावरही पाहिले आहे. कापडी झाकण घट्ट बसत नसेल तर त्याच्याखाली मच्छरदाणीची जाळी ताणून बांधावी. नळी शक्यतो आडवी ठेवावी. मुख्य आरसा तोंड वर करून झोपवला तर त्यावर धूळ साचते, उभा राहिला तर फारशी साचत नाही.

धुळीविषयी एवढेच सांगतो की थोडी धूळ दिसली म्हणून घाबरू नये. आरशावर बऱ्यापैकी धूळ असली तरी प्रतिमेत फरक कळत नाही. पुसण्याने मात्र नक्की कळतो. रबरी फुग्याने फुंकर घालावी आणि थांबावे. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे थेंब उडतात.

दवाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात चांगले चांगले फसतात. डिसेंबरच्या पहाटे गच्चीवर पारा तेरा-चौदा अंशांवर आला की दुर्बीणही तितकीच थंड होते. अशी थंड दुर्बीण माणसांनी भरलेल्या उबदार खोलीत आणली, की माठातल्या पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसा तिच्या काचेला सुटतो. यासाठी गच्चीवरच झाकणे लावावीत, नळी गोधडीत गुंडाळून वा पेटीत घालून मग आत आणावी आणि तशीच दोन-तीन तास राहू द्यावी. ती खोलीइतकी उबदार झाली की झाकणे काढून थोडी हवा द्यावी, मग कायमची बंद करावी. मात्र वेध घेतानाच काचेवर दव धरले असेल, तर झाकण लावणे म्हणजे ती ओल आत कोंडणे. अशा वेळी केस वाळवण्याचे यंत्र अगदी मंद ठेवून, लांबून, आधी दव उडवावे. रात्रभर जागून झोप आलेली असते, "सकाळी बघू" असे वाटते. दुर्बिणीच्या बाबतीत ही सकाळ फार महाग पडते.

आता प्रवासाकडे वळू. आपल्या गच्चीवरून आता मृगातला तेजोमेघ कसाबसा दिसतो, आकाशगंगेचे तर नावच नको. आकाश पाहायचे तर विकाराबादच्या टेकड्यांकडे, इब्राहिमपट्टणमच्या पलीकडे, नाहीतर बीदरच्या पठारावर जावे लागते. उस्मानिया विद्यापीठाने आपली 48 इंची दुर्बीण 1968 मध्ये शहर सोडून जापाळ-रंगापूरच्या टेकडीवर उभारली ती याच कारणाने. 16 फेब्रुवारी 1980 चे खग्रास सूर्यग्रहण त्या टेकडीवरून दिसले आणि त्याचा अभ्यास तिथे झाला. ती दुर्बीण आपल्या घुमटात स्थिर राहते. आपल्याला मात्र आपली दुर्बीण घेऊन तिच्या वाटेने जावे लागते, आणि त्या वाटेवर गतिरोधक फार आहेत.

प्रवासाचे मर्म समजावे असे एक उदाहरण आपल्या नेहमीच्या रेल्वेमार्गावरच घडले आहे. हैदराबादहून पुण्या-मुंबईकडे जाताना सोलापूर, कुर्डुवाडी मागे टाकले की जेऊर हे स्टेशन लागते. 22 जानेवारी 1898 चे खग्रास ग्रहण पाहण्यासाठी नायगमवाला पुण्याहून तिथे आले होते, आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल हेही तिथेच तळ देऊन होते. कॅम्पबेल यांनी आणलेल्या एका कॅमेऱ्याची लांबी होती 40 फूट! एवढे धूड कॅलिफोर्नियाहून समुद्रमार्गे मुंबईला आणि तिथून रेल्वेने जेऊरला कसे आले असेल? खरे तर ते धूड आलेच नाही. त्या कॅमेऱ्याचे भिंग अवघ्या 5 इंचांचे होते. नळी म्हणजे जागेवर उभा केलेला सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड. जपून आणायचे होते ते तळहाताएवढे भिंग.

आपल्या दुर्बिणीकडे याच नजरेने पाहावे. नळी, तिपाई, लाकडी बैठक यांना खरचटले तर रंगाचा खर्च. भिंग, आरसा आणि नेत्रिका यांचे मोल खरे आहे. 6 इंची आरशाची, 1200 मिलिमीटर नाभीय अंतराची जी दुर्बीण हौशी लोक बहुधा बनवतात, तिची नळी सव्वा मीटरच्या आसपास असते. जवळच्या अंतरावर मोटारीने नेताना आरसा नळीतच राहू द्यावा. लांबच्या प्रवासात, विशेषतः रेल्वेने, आरसा त्याच्या बैठकीसह काढून वेगळा न्यावा. पुण्यात आयुकामध्ये दुर्बीण बनवण्याची शिबिरे होत आली आहेत. तिथे स्वतःच्या हाताने काच घासून आरसा बनवलेला माणूस परतताना तो सामानात टाकत नाही, मांडीवर घेऊन बसतो. त्याला कोणी शिकवावे लागत नाही. कितीतरी दिवसांची मेहनत असते ती.

आरसा धरून ठेवणाऱ्या चिमट्यांविषयी एक गैरसमज आहे. धक्क्याने आरसा हलू नये म्हणून प्रवासाआधी लोक हे चिमटे आवळतात. आवळलेल्या चिमट्याखाली काचेवर ताण येतो, प्रतिमा वेडीवाकडी होते, आणि जोराचा धक्का बसला तर नेमकी तिथेच काचेची कपची उडते. चिमटा आणि काच यांच्यात जाड कागदाइतकी फट असावी. आरसा आपल्या वजनाने पाठीवर टेकलेला असावा. म्हणून मोटारीत नळी उभी ठेवणे जमत असेल तर आरशाचे टोक खाली यावे. बहुधा ते जमत नाही. मग मागच्या आसनावर गादी घालून नळी आडवी निजवावी आणि आसनाचे पट्टे तिला बांधावेत. डिकीत ती चाकांच्या अगदी वर येते आणि प्रत्येक खड्डा मोजते. शिवाय उन्हाळ्यात उभ्या मोटारीच्या आतले तापमान साठ अंशांपर्यंत चढते. त्यात वंगण पातळ होऊन भलतीकडे ओघळते, आणि जुन्या नेत्रिकांतली भिंगे ज्या राळेने चिकटवलेली असतात ती राळ मऊ पडते. दुपारी निघायचे असेल तर दुर्बीण सर्वांत शेवटी मोटारीत ठेवावी आणि वाटेत चहाला थांबलो तर मोटार सावलीत उभी करावी.

पेटीचे तंत्र असे. धक्का पूर्ण थांबवता येत नाही, तो पसरवता येतो. काचेला बसणारा धक्का जितका लांबवला तितका तो सौम्य होतो. यासाठी पेटीत पेटी करावी. आतली पेटी आरशाला बेताची, बाहेरची चहूबाजूंनी दोन-तीन इंच मोठी, आणि मधल्या जागेत फोम. फोम अगदी मऊ नको. बोटाने दाबला की तळाला टेकतो असा फोम दिखाऊ असतो. पांढरा, रबरासारखा चिवट, पाणी न पिणारा पॉलिथिनचा फोम येतो, तो घ्यावा. गादीतला पिवळा स्पंज काही वर्षांत चिकट होऊन त्याचा भुगा पडतो आणि तो भुगा नेमका भिंगावर बसतो. आरशाच्या तोंडावर काही टेकू नये. कडेवर कागदाची जाड चकती ठेवून वरून दुसरी चकती बसवावी. पेटी बंद करून कानाशी धरून हलवावी. आतून आवाज आला तर पुन्हा उघडावी.

रेल्वेत दुर्बीण लगेजच्या डब्यात देऊ नये. हमालाला पेटीतले आकाश दिसत नाही, फक्त वजन दिसते. नळी खालच्या बाकाखाली, तोंडे बांधून, आणि आरशाची पेटी उशाशी. गाडीचा बारीक सततचा कंप स्क्रू सैल करतो, त्यामुळे निघण्यापूर्वी आणि पोचल्यावर पेचकस एकदा सगळीकडून फिरवावा. एस. टी.च्या टपावर मात्र कोणत्याही कारणाने दुर्बीण चढवू नये. विमानात आरसा व नेत्रिका हातच्या सामानात ठेवाव्यात. तपासणीच्या क्ष-किरणांनी काचेला काही होत नाही. पेचकस मात्र मोठ्या सामानात टाकावा, हातच्या सामानात तो अडवला जाऊ शकतो.

विषुववृत्तीय बैठक असेल, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याला तोलून ताऱ्याच्या मागे फिरणारी, तर ती सोडवण्याचा क्रम पाळावा. आधी नळी काढावी, मग समतोलाची वजने. उलट केले तर नळीच्या वजनाने बैठक एकदम फिरते आणि नळी तिपाईवर आदळते. उभारताना आधी वजने, मग नळी. प्रवासात दोन्ही अक्षांच्या पकडी सैल सोडाव्यात, नाहीतर प्रत्येक धक्का थेट दातेरी चाकाच्या एखाद्याच दात्यावर जातो. वजने स्वतंत्र पिशवीत आणि नळीपासून लांब ठेवावीत. पाच किलोचा लोखंडी गोळा आणि दुर्बीण यांनी एकाच डिकीत शेजार करू नये.

मुक्कामी पोचल्यावर घाई करू नये. दिवस मावळायच्या आधी दुर्बीण उभी करून दोन आरशांची जुळणी तपासावी. प्रवासात ती थोडी तरी हललेली असतेच. दूरच्या विजेच्या खांबाचे टोक पाहून शोधक दुर्बीण मुख्य दुर्बिणीशी जुळवून घ्यावी. अंधार पडल्यावर हेच काम तिप्पट वेळ खाते. सूर्य क्षितिजावर असेपर्यंत नळीचे तोंड त्या दिशेला वळू देऊ नये, लहान मुले बरोबर असतील तर मुळीच नाही.

परतीच्या वेळी हरवतात त्या लहान वस्तू. नेत्रिकेचे झाकण, षट्कोनी किल्ली, शोधकाचा स्क्रू. पहाटे चार वाजता, थंडीत, सगळे जांभया देत असताना त्या गवतात पडतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. यासाठी पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सगळ्या वस्तूंची यादी मोठ्या अक्षरांत चिकटवावी आणि एकाने वाचावी, दुसऱ्याने वस्तू हाताने चाचपून "आहे" म्हणावे. पेट्या मोटारीत गेल्यावर पांढरा दिवा लावून उभारणीच्या जागेभोवती एक प्रदक्षिणा घालावी. आमच्या मंडळींनी अशा प्रदक्षिणेत आजवर दोन नेत्रिका, एक मनगटी घड्याळ आणि एकदा चहाचा भरलेला थर्मास परत मिळवला आहे.